कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला पंखा बसला!

आज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला वरून १२० मिमीच्या पंख्यासाठी भोक पाडलं. मदरबोर्डसकट सगळं आधी बाहेर काढलं. लोखंडाचा कीस आत राहिला तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. पत्र्यावर मास्किंग टेप, त्यावर कंपासने गोल, स्क्रूची चार भोकं चौकोनात, शेजारच्या भोकापासून १०५ मिमीवर. जिगसॉने (विजेवरच्या छोट्या करवतीने) रेषेच्या किंचित आतून कापलं.

खरी मजा पुढे! अर्धगोल कानस, सावकाश, कडेवरून बोट फिरवलं तरी कुठे अडकू नये इतकी. मग पॉलिश पेपर, उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून काळा रंग, आणि कडेला रबरी बीडिंग. काय सुबक दिसतंय! बोटं जाऊ नयेत म्हणून तारेची जाळीही लावली.

थोडं बीडिंग उरलंय. कुणाला हवं असेल तर सांगा.