पाडवा, चकली आणि लाल शनिवार

शनिवार, 2 नोव्हेंबर 2024. बलिप्रतिपदा.
लिंकन, नेब्रास्का.

रात्रीचे साडेदहा वाजलेत. घसा बसलाय, पायांचे तुकडे पडलेत, चकल्या संपल्यात आणि आम्ही, म्हणजे इथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ, हरलोय. 27-20. 'आम्ही' हा शब्द नकळत लिहून गेले, पण राहू दे तसाच.

सकाळी उटणं, आंघोळ, नवऱ्याला ओवाळणं, सगळं साग्रसंगीत झालं. ओवाळणी म्हणून हातात काय पडलं, तर छातीवर भलंमोठं पांढरं 'एन' असलेला लाल स्वेटशर्ट. अकरा वर्षांपूर्वी पाडव्याला असं काही मिळालं असतं तर माहेरी फोन गेला असता. आज तिथल्या तिथे अंगात घातला.

कॅलेंडरप्रमाणे आजपासून कार्तिक, म्हणजे भर शरद. घरी कोल्हापूरला आता भातं कापून होत आली असतील, गुऱ्हाळं पेटायला लागली असतील. पानगळ आपल्याकडे शिशिरातली गोष्ट. इथं ती शरदातच उरकून घेतात, कारण पुढे पानांना टिकायला हवाच उरत नाही. आमच्या गल्लीतला मेपल गेल्या आठवड्यात कुंकवासारखा लाल होता, आज निम्मा बोडका झालाय. शहराबाहेर पडलं की मक्याची कापलेली रानं दिसतात. कम्बाइन चाललेलं असलं की धूळ अर्धा मैल लांबूनही कळते आणि हवेला कडब्याचा वास येतो. पहिल्या वर्षी त्या वासानं मी गाडी कडेला घेऊन रडले होते. आता नुसती काच खाली करते.

तर आजचं असं झालं. शेजारच्या आजोबांकडे स्टेडियमची दोन सीझन तिकिटं आहेत, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. आमची लेक त्यांना सरळ 'आजोबा' म्हणते आणि ते 'आजोबॉ' म्हणून स्वतःची ओळख करून देतात. दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा मुलगा बसतो, पण त्याची ऐंशी एकर कापणी राहिलीय. गुरुवारी कुंपणाशी येऊन विचारलं, येतेस का? मी विचारलं, फराळाचं आणू का? ठरलं.

सामना दुपारी, पण गावात माणसं सकाळपासूनच. ट्रक उभा करायचा, मागचा फाळका पाडायचा, त्यावर शेगडी, पातेली, खुर्च्या मांडायच्या. याला इथं 'टेलगेट' म्हणतात, म्हणजे अक्षरशः फाळकाच. फाळक्यावरची ही जत्रा मला खेळापेक्षा जास्त आवडते, हे आजोबांना सांगायचं नाही.

आजोबांची चिली मोठ्या पातेल्यात शिजत होती. राजमा, टोमॅटो, मिरची, आणि बीफ. शेजारी एक छोटं पातेलं, त्यावर चिकटपट्टी लावून पेननं लिहिलेलं, 'नो काऊ'. दरवर्षी ते माझ्यासाठी असतं. मी मटण खाते, तांबडा-पांढरा माझ्या रक्तात आहे, पण गाय नाही, एवढं त्यांना पहिल्याच वर्षी एकदा सांगितलं होतं. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. चिलीबरोबर इथं दालचिनीचा गोड सिनॅमन रोल खातात. चुकून नव्हे, ठरवून. शाळेच्या डब्यापासूनची सवय आहे म्हणे. मी नाक मुरडलं की आजोबा विचारतात, तुम्ही मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस खाता ते चालतं का? एकदा मीच सांगून बसले होते.

आज पाहुणा संघ होता लॉस एंजेलिसचा, यूसीएलए. निळे-सोनेरी कपडे घातलेलं एक जोडपं वाट शोधत आमच्या ओळीतून निघालं होतं. आजोबांनी हाक मारून थांबवलं, हातात वाट्या दिल्या, बसायला स्वतःची खुर्ची दिली. 'एवढ्या लांबून आलात' हे वाक्य तीन वेळा. मग माझा डबा फिरला. त्या बाईंनी चकली उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हे असं गोल वळवायला कुठलं यंत्र असतं? सोऱ्या समजावून सांगता सांगता माझी दहा मिनिटं गेली, त्यांच्या सात चकल्या गेल्या. जाताना त्या म्हणाल्या, आमच्याकडे पाहुण्या संघाच्या माणसांना कुणी जेवायला घालत नाही.

आमच्याकडेही नाही, बाई. मंगळवार पेठेतली आहे मी.

हे इथल्या लोकांना समजावता समजावता माझा जन्म गेला. 2013 साली आले तेव्हा कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, फुटबॉल आवडतो का? मी छाती फुगवून सांगायची, मी फुटबॉलच्या गावची आहे. आमच्याकडे पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत, पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घरात पुरुष माणूस सापडत नाही. लोक खूश व्हायचे. मग पहिला सामना बघायला नेलं, तर चेंडू लांबुळका, सगळे हातात धरून पळतायत, पाय लावतात तो पण कधीतरी, नाइलाज झाला की. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढं कळायला मला एक आख्खा हंगाम लागला.

खेळ कळायच्या आधी गाव कळलं, कारण गाव ओळखीचं निघालं. स्टेडियमच्या दरवाजांवर लिहिलंय की कॉलेज फुटबॉलचे सर्वांत थोर प्रेक्षक या दारांतून आत जातात. हे कुणी दुसऱ्यानं दिलेलं प्रशस्तिपत्र नाही, यांचं यांनीच लिहून लावलंय. 'जगात भारी, कोल्हापुरी' म्हणत वाढलेल्या माणसाला अशा दारातून आत जाताना परकं कसं वाटेल?

आणि बढाई असली तरी पोकळ नाही. उद्या 3 नोव्हेंबर. 1962 साली याच तारखेला मिझुरीविरुद्धच्या सामन्याला हे मैदान भरलं, ते तेव्हापासून प्रत्येक घरच्या सामन्याला भरतंय. कोविडच्या वर्षी प्रेक्षकांनाच बंदी होती, तेवढा अपवाद. आजवर चारशेच्या वर सामने झाले. मधल्या पडत्या वर्षांत उरलेली तिकिटं धंदेवाल्यांनी उचलली, म्हणून ही साखळी तुटली नाही, असं आजोबाच हळू आवाजात कबूल करतात, घरातलं उणंदुणं सांगावं तसं. 85 हजारांच्या आसपास माणूस एका जागी. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं सोडली तर त्या दुपारी राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे हे मैदान. व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ या राज्यात नाही. जे काय आहे ते हेच, विद्यापीठातल्या पोरांचा संघ. त्यांचं नाव कॉर्नहस्कर्स, मक्याची कणसं सोलणारे! वाघ-सिंह-गरुड अशी नावं घेणाऱ्या देशात यांनी स्वतःला शेतमजुराचं नाव लावून घेतलंय. इथल्या विधानभवनाच्या चारशे फुटी मनोऱ्याच्या टोकालाही राजा नाही की सेनापती नाही, खांद्याला झोळी अडकवून बी फोकणारा पेरकरी उभा आहे. मला तो फार आवडतो. हात असा मागे नेलाय की आत्ता मूठ सुटेल.

संघाचे दिवस मात्र बरे नाहीत. टॉम ऑस्बोर्न प्रशिक्षक होते तेव्हा, 1973 ते 1997, एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत, आणि शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं. आजोबा त्यांना नुसतं 'टॉम' म्हणतात, घरातला माणूस असल्यासारखं. आणि आता? हंगामात सहा विजय झाले की वर्षअखेरीच्या एखाद्या 'बोल' नावाच्या मानाच्या सामन्याचं बोलावणं येतं. 2016 नंतर तेही नाही. यंदा पाचावर गाडी अडलीय. आज सहावा होईल म्हणून सगळं गाव नवस बोलल्यासारखं आलं होतं.

सामन्याचं काय लिहू? हरल्यावर लिहायला हात वळत नाही. बाकावर खांद्याला खांदा लावून बसलो, बसलो कसले, उभेच होतो. संघाला पहिले गुण मिळाले की हजारो लाल फुगे आकाशात सोडायचे, ही इथली जुनी रीत. 2022 साली हेलियमची टंचाई झाली आणि फुगे थांबले. आजोबांचे हात पहिल्या गुणांना अजून वर जातात, फुगा नसला तरी. शेवटच्या मिनिटांपर्यंत वाटत होतं जुळेल, जुळेल. नाही जुळलं. पुढच्या रांगेतल्या पोरांनी टोप्या आपटल्या, एक-दोन शिव्या हासडल्या आणि निघून गेली.

आजोबा उठले नाहीत. यूसीएलएची पोरं मैदानातून आत जायला लागली तेव्हा गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि टाळ्या वाजवायला लागले. आमच्या रांगेतले बरेचसे म्हातारे-म्हाताऱ्या उभ्या. ही इथली जुनी चाल आहे, जाणाऱ्या पाहुण्या संघाला टाळ्यांनी निरोप द्यायची. 1980 साली फ्लोरिडा स्टेटनं इथं येऊन 18-14 असं हरवलं, तेव्हाही अशाच टाळ्या पडल्या, आणि त्यांचे प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांनी घरी गेल्यावर इथल्या प्रेक्षकांचे आभार मानणारं खुलं पत्र लिहिलं. आजोबा तेव्हा ऐन उमेदीत होते. ही गोष्ट ते मला दर हंगामाला निदान दोनदा सांगतात.

मी टाळ्या वाजवत होते आणि मला बाबा दिसत होते. मी आठ वर्षांची असेन. शाहू स्टेडियमवर त्यांच्या शेजारी बसलेली, हातात शेंगांची पुडी. समोरच्या पेठेच्या एका पोरानं लांबून असा काही गोल मारला की बाबांच्या हातून टाळी वाजली. एकच. आजूबाजूची सगळी मान वळवून बघायला लागली. त्यानंतर आठवडाभर कट्ट्यावर त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. आईसुद्धा म्हणाली, काय गरज होती? बाबा म्हणाले, अगं, गोल चांगला होता.

रविवार, 3 नोव्हेंबर. भाऊबीज.

इथली उन्हाळी वेळ संपली, रात्रीत घड्याळ एक तास मागे गेलं. मी सकाळी आठला फोन लावला. कालपर्यंत कोल्हापूर आमच्या साडेदहा तास पुढे होतं, आता साडेअकरा. भाऊ पाटावर बसून वैतागलेला. "ताई, साडेसहाला म्हणालीस, साडेसात वाजले. तासभर टिळा लावून घ्यायला बसलोय, नाद खुळा!" फोन नारळाला टेकवला, ताट ओवाळलं. स्क्रीनवर कुंकू लागलं ते पुसताना फोन कट झाला, पुन्हा लावला. नवरा म्हणतो, फोनवर माझी भाषाच बदलते. 'मी गेलतो, मी आलो', आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं.

भावाला मॅच सांगितली. तो म्हणाला, "हरलासा आणि वर टाळ्या? असलं आपल्याकडं केलं तर पेठेत राहू देणार नाहीत." मग त्यानंच विषय बदलला. आपला हंगाम अजून सुरू व्हायचाय, सध्या नुसती वीस तारखेच्या मतदानाची धामधूम. मी म्हटलं, इथं परवा मंगळवारी आहे. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या घरांपुढे दोन्ही पक्षांच्या पाट्या आहेत, आणि दोन्ही दारांना तोच कॉर्नहस्कर्सचा लाल झेंडा.

मागून बाबांचा आवाज आला. ऐकू कमी येतं आता, तरी टाळ्यांचं तेवढं ऐकलं होतं. "किती माणूस होतं म्हणालीस?"

"पंच्याऐंशी हजार, बाबा."

"आणि सगळ्यांनी वाजवल्या?"

"सगळ्यांनी नाही. बरेच जण निघून गेले होते."

"असू दे," ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं. इथं सकाळचे आठ वाजलेत हे त्यांना अकरा वर्षांत पटलेलं नाही.

दुपारी दार उघडलं तर पायरीवर माझा चिवड्याचा डबा. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मी आजोबांना कधी सांगितल्याचं आठवत नाही. लेकीनं सांगितलं असेल. आत दोन सिनॅमन रोल, आणि डब्यावर आडवी ठेवलेली मक्याची दोन कणसं, पात्यांसकट. सोबत चिठ्ठी, मुलाची कापणी पहाटे संपली, ही शेवटच्या ओळीतली.

जनावरांचा मका तो, वाळून दगड झालेला. पहिल्या वर्षी मी असंच एक कणीस गॅसवर भाजायला घेतलं होतं आणि दाढेचा तुकडा पडला होता. आज लेक म्हणाली, सोलूया तरी. पायरीवर दोघी बसलो. पात्या करकरीत वाळलेल्या, कडा ब्लेडसारख्या. पहिलंच कणीस सोलताना तिचं बोट कापलं.