तुम्ही विचारलंत म्हणून: सोशल मीडियापासून सुट्टी घ्यायचीच, तर एकट्याने का?

परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी हमखास विचारतात, "मॅडम, इन्स्टा महिनाभर बंद ठेवू का? खरंच फरक पडतो का? आणि दर वेळी चार दिवसांत आम्ही परत का येतो?" मी विद्यापीठात शिकवते, त्यामुळे हे सतत कानावर येतं. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर थोडक्यात देता येईल. खरं बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल.

फरक पडतो, पण बेताचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १४३ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी १० मिनिटंच वापरायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं. तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटाचा एकटेपणा कमी झाला होता, आणि जे आधी जास्त खचलेले होते त्यांचं नैराश्यही उतरलं होतं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: 'आपलं काही हुकतंय' ही धास्ती दोन्ही गटांत कमी झाली. आपण किती वेळ घालवतो याची नोंद होतेय, एवढ्यानेही माणूस सावध होत असावा. म्हणजे काहीही बंद न करता, नुसता स्क्रीन टाइम रोज प्रामाणिकपणे पाहणं हीसुद्धा सुरुवात आहे.

अमेरिकेत २०१८च्या मध्यावधी निवडणुकांच्या आधी काही लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं, तेव्हा त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. समाधान थोडं वाढलं, बातम्यांची माहिती मात्र घटली. पुन्हा सुरू केल्यावरही त्यांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला.

आता तिसरा प्रश्न. परत येणारी मुलं स्वतःला दोष देतात, "मनावर ताबाच नाही" म्हणतात, आणि ते ऐकून मला वाईट वाटतं. कारण हा एकट्याच्या मनाचा मामला नाहीच. शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारलं: चार आठवडे खातं बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? बाकी सगळे तिथेच राहणार असतील, तर सरासरी उत्तर होतं टिकटॉकसाठी ५९ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी ४७. पण तुमच्यासकट विद्यापीठातल्या जवळजवळ सगळ्यांचीच खाती बंद होणार असतील तर? तेव्हा हीच मुलं उलट स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी सरासरी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर. ही गोष्ट नसती तर बरं, असं वाटत असूनही प्रत्येक जण तिथेच आहे, कारण बाकीचे तिथे आहेत.

म्हणून माझं उत्तर: सुट्टी घ्या, पण टोळीने घ्या. रूममेट, प्रोजेक्टचा गट, रोज एकत्र जेवणारे चौघे, कुणीही चालेल. चौघांनी मिळून बंद केलं की रात्री "ती स्टोरी पाहिलीस का?" हा विषयच निघत नाही. स्नॅपचॅटची स्ट्रीकच घ्या, म्हणजे एकमेकांना रोज न चुकता फोटो (स्नॅप) पाठवण्याची साखळी. दोघांनी चोवीस तासांच्या आत एकमेकांना स्नॅप पाठवला नाही तर ती तुटते. एकट्याने तोडली तर समोरचा रुसतो, ठरवून दोघांनी सोडली तर कुणालाच काही वाटत नाही.

आणि जाताना सांगून जा. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तरी खातं दिसतच राहतं. मेसेज साचतात, आणि मैत्रिणीला वाटतं तुम्ही तिला टाळताय. कितीतरी मैत्र्या अशा गैरसमजात आंबतात. त्यापेक्षा इन्स्टाग्रामचं खातं तात्पुरतं डीअ‍ॅक्टिव्हेट करा, म्हणजे तोवर ते कुणाला दिसत नाही, आणि पुन्हा लॉगिन केलं की सगळं परत मिळतं. वर्गाचा सूचनांचा ग्रुप मात्र सोडू नका. सबमिशनची तारीख हुकली तर त्या सुट्टीचा काय उपयोग?

काहींना मी सुट्टी सुचवतच नाही. घरापासून लांब आलेली, आजूबाजूला आपलं असं कुणी नसलेली एखादी मुलगी ऑनलाइन मैत्रिणींच्या आधारावर उभी असते. तिचा तो आधार काढून घेऊ नये. आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर अ‍ॅप बंद करून भागणार नाही. समुपदेशकाकडे जा, आजच जा.

कधी घ्यावी, असंही विचारता. परीक्षेच्या तोंडावर नको. तेव्हा आधीच ताण असतो, त्यात ही नवी सवय कुठे लावणार? सत्र सुरू होऊन महिना झाला, ओळखीपाळखी झाल्या, सबमिशनची घाई अजून लांब आहे, तेव्हा घ्या. तीन-चार आठवड्यांची मुदत आधीच ठरवा, आणि मोकळ्या झालेल्या त्या तासात एकत्र काय करायचं तेही ठरवून ठेवा.