बार, पण कोणता?

वकीलसाहेब म्हणाले, "अपील टाइम बार झालंय." काकांनी तेव्हा नुकताच तंबाखूचा बार भरला होता. त्यांनी मिटल्या तोंडानंच माझ्याकडं पाहिलं, लिंबाखाली जाऊन थुंकून आले आणि विचारलं, "ह्यो कोणता बार?"

बांधाच्या भांडणात अंबडला निकाल विरोधात गेलेला. जालन्याला जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात, 1963 चा मुदतीचा कायदाच आहे तसा. मधे सोयाबीनची काढणी आली आणि आम्ही पोचलो एकेचाळिसाव्या दिवशी.

काकांना बार म्हणजे उडवायची किंवा फुटायची गोष्ट. लग्नाचा बार उडवतात, पुढाऱ्याचा फुसका निघतो. हायवेच्या बारची ओळख ते चारचौघांत दाखवत नाहीत. त्या बारचीही एकदा गंमतच झाली. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकायला बंदी केली, म्हणजे बारलाच बार!

इंग्रजीतला बार मुळात आडवा दांडा. आमच्या जुन्या वाड्याच्या दाराला होता तसा. बाभळीचा, दोन हातांत मावेना एवढा जाड, भिंतीतल्या खोबणीत सरकवून ठेवलेला. दिवेलागण झाली की आजी तो ओढायची, घर्रर्र आवाज व्हायचा आणि त्यानंतर आलेल्यानं बाहेर ओट्यावर झोपायचं. काका तरुणपणी बऱ्याचदा ओट्यावर झोपलेत (तमाशा, दुसरं काय). त्याला आम्ही अडसर म्हणायचो. आता वाडा पडला, दांडा गोठ्यात गव्हाणीला लावलाय, आणि अडसर उरला तो फक्त 'कामात अडसर' म्हणण्यापुरता. इंग्रजांच्या दांड्याचंही तेच झालं. न्यायाधीशापुढचा कठडा बार, म्हणून त्याच्याशी उभे राहणारे वकील बार. गुत्त्यातला पिणाऱ्याला पलीकडंच थोपवणारा ओटा बार, म्हणून सगळा गुत्ताच बार. आणि मुदत टळली की दारात पुन्हा आजीचा दांडा.

हे मी काकांना परतीच्या एसटीत समजावून सांगत होतो. ते खिडकीतून दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागा बघत होते. आमच्याकडं मोसंबीचाही बार धरतात. पुस्तकात त्याला बहार म्हणतात, शेतात कुणी म्हणत नाही. आंबे बार, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या वेळचा मोसंबीचा बार, धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडायचं. महिना-दीड महिना ताण द्यायचा. पानं पिवळी पडून गळायला लागतात, बघवत नाही. मग खत घालून पाणी सोडलं की पांढऱ्या फुलांनी झाड भरतं आणि वासानं माणूस बांधावरच थांबतो. ताण कमी पडला तर नुसता पाला फुटतो, जास्त झाला तर झाडच जातं. काकांचा या बाबतीतला अंदाज अजून चुकलेला नाही. तारखांचाच काय तो चुकतो.

वकीलसाहेबांनी उशीर माफीचा अर्ज टाकला, काढणीचं कारण लिहिलं. चार तारखा झाल्या. पाचव्या तारखेला संध्याकाळी काकांचा फोन आला, आवाज एकदम चढलेला.

"अरे, बार उघडला आपला!"

मागून काकूंचा आवाज आला, "कुठं?"