सांगलीहून जर्मनीला कारवान कुत्रा नेताना: तारखा, पेटी आणि सहारचा मालधक्का

‘एका महिन्यात कुत्रा तुमच्या हातात, फ्रँकफर्टला.’ पुण्यातल्या एजंटानं हे आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. त्या भरवशावर सांगलीचं घर सोडायची तारीख ठरली, नवऱ्याची जर्मनीतली रुजू व्हायची तारीख ठरली. एजंटाचं म्हणणं धादांत खोटं होतं. भारतातून युरोपीय संघात कुत्रा पहिल्यांदा नेताना तो एका महिन्यात कुणालाच नेता येत नाही. ज्यांच्या हातात नोकरीचं पत्र पडलंय आणि दारात कुत्रा बसलाय, त्यांनी तिकिटं काढायच्या आधी पुढचं वाचावं.

बाजी आमचा कारवान जातीचा कुत्रा. जतकडून आणलेला, लांब पायांचा, अंगावर चरबी नाही. त्याला दरवर्षी रेबीजची लस दिली जायची आणि पुस्तकात सगळे शिक्के होते. यातली एकही लस धरली गेली नाही, कारण त्याला चिप, म्हणजे कातडीखाली बसवायचा ओळख क्रमांक, नव्हती. चिप बसवण्याआधी टोचलेली लस युरोपच्या लेखी शून्य. आधी १५ आकडी, आयएसओ ११७८४ मानकाची मायक्रोचिप आणि मगच लस. दोन्ही एकाच दिवशी चालतं, पण चिप आधी हवी आणि कागदावरही तसंच दिसायला हवं. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं. युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत रेबीजची प्रतिपिंडं, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणारी रोगाशी लढणारी द्रव्यं, प्रति मिली ०.५ आययू (मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त भरली पाहिजेत. आणि एजंटानं जे दडवलं ते असं, की रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण ३ महिने गेल्याशिवाय प्रवेश नाही. हे महिने अहवालाच्या तारखेपासून नाही, रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने. यात घासाघीस नाही, ओळख नाही, जादा पैसे भरून ‘अर्जंट’ नाही. कुणी तसं म्हणत असेल तर तिथून उठून या.

रक्त सांगलीतच काढलं. ते तसंच पाठवत नाहीत. सीरम, म्हणजे रक्तातला वरचा पातळ द्रव, वेगळं करून, थंड ठेवून, कुपीवर चिपचा क्रमांक घालून पाठवतात. डॉक्टर नेहमीचे असले तरी फॉर्म भरताना शेजारी उभं राहा आणि क्रमांक मोठ्यानं वाचून घ्या. तरुण कुत्र्याला एकाच लसीवर प्रतिपिंडं कधी कमी भरतात. डॉक्टर बूस्टर सुचवत असतील तर घ्या. चाचणी फेल गेली की रक्त पुन्हा आणि तीन महिनेही पुन्हा.

नवरा पुढे गेला, मी आणि बाजी मागे राहिलो. इथे एजंटानं दुसरी पुडी सोडली: ‘मॅडम, तुम्हीपण जा, कुत्रा आम्ही सवडीनं पाठवतो.’ असं करू नका. मालकाच्या प्रवासाच्या ५ दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत कुत्रा गेला तरच तो घरचा प्राणी म्हणून जातो. त्याबाहेर गेलं की व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात, कागद वेगळे, खर्च वेगळा.

आता पेटी, ज्यात बसून कुत्रा विमानातून जातो ती. खरी लूट इथे होते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मोठ्या कुत्र्याचं भाडं त्याच्या वजनावर नसतं, पेटीच्या आकारमानावर असतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० नं भागायचं. येईल ते किलो. खरं वजन त्याहून कमी असलं तरी भाडं या किलोंवर. शिवाय जिवंत जनावराला साध्या मालापेक्षा चढा दर. एजंटानं बाजीसाठी सांगितलेली पेटी १२२ बाय ८१ बाय ९२ होती. हिशेब करा: १५१ किलोच्या वर. बाजीचं वजन पंचवीसेक किलो!

आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, माप साधं आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवा, ही पेटीची आतली लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उभा असताना डोक्याची किंवा कानांची उंची, जे जास्त असेल ते, अधिक अंथरूण, ही उंची. बाजी ९६, कोपर ४२, म्हणजे आतली लांबी ११७. खांदे २२ चे, म्हणजे ४४ पुरतात, पण लांब कुत्र्याला वळता यावं म्हणून ५५ ठेवली. डोकं ८४, अंथरूण धरून ८७. प्लायची जाडी आणि खालचे पाय धरून बाहेरून १२२ बाय ६० बाय ९२. भागाकार ११२ किलो. एका पेटीत चाळीसेक किलोंचं भाडं वाचलं, आणि बाजीला जागा कमी पडली नाही. कारवान उंच आणि लांब, पण अरुंद. लॅब्रॅडॉरच्या अंदाजानं बनवलेली तयार पेटी त्याला उंचीला तोकडी आणि रुंदीला ढगळ होते.

पेटी आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी प्लायची केली. लक्षात ठेवायचं ते हे, की कच्चं लाकूड परदेशी जाताना उष्णता देऊन त्यावर शिक्का लागतो, प्लायला तो लागत नाही. त्यामुळे पट्ट्या आणि खालचे पायसुद्धा जाड प्लायचेच करून घ्या. फोर्कलिफ्टचे दाते घुसतील एवढी खाली फट हवी. चारी बाजूंनी हवेची भोकं, पण पंजा किंवा नाक बाहेर येईल एवढी मोठी नकोत. चाकं नकोत. पाण्याची वाटी बाहेरून भरता आली पाहिजे. विमान कंपनीला मापं आणि फोटो पाठवून लेखी होकार घ्या. लेखीच. पेटी घरात आणल्या दिवसापासून बाजीचं जेवण तिच्यातच. ज्यांच्याकडे पग, बुलडॉग आहेत त्यांनी आधी कंपनी मुळात चपट्या नाकाचा कुत्रा घेते का ते विचारा. बऱ्याच घेत नाहीत.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेठ नाक्याहून हायवेला लागलो, बाजीला खंबाटकीत उलटी झाली, पुढे झोपला. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वाटेत कुत्र्याचं काही बिघडलं तर हे ध्यानात असू द्या.

मुंबईत प्राणी संगरोध सेवेकडून, म्हणजे देशाबाहेर जाणारे प्राणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अर्ज ऑनलाइन, पण कुत्रा समोर न्यावाच लागतो. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र सही झाल्यापासून १० दिवसांत तिथे पोचायला हवं, म्हणून सांगलीहून फार आधी निघून उपयोग नाही. मुंबईतल्या अधिकाऱ्यांनी नीट तपासलं, नीट उत्तरं दिली. हे काम स्वतः करता येतं. एजंट याचे जे पैसे लावतो त्यापुढे सरकारी फी किरकोळ आहे.

आणि मग सहार, मुंबई विमानतळाचा मालधक्का. युरोपची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतरची, कुत्रा कित्येक तास आधी मालधक्क्यावर हजर करायचा. ट्रक, डिझेलचा धूर, आरडाओरडा, आणि त्यात माझा कुत्रा. पेटी तपासायला तो बाहेर काढावा लागतो, तेव्हा गळ्यात पट्टा आणि दोरी हवी. पट्टा पेटीला बाहेरून बांधून ठेवा. बाजी सुटला असता तर त्या ट्रकांमधून मला सापडला नसता. एवढ्यात कळलं की एजंटानं भरलेल्या मालाच्या कागदावर चिपचे दोन आकडे उलटसुलट पडलेत. माझे हातपाय गार पडले. सरकारी प्रमाणपत्र बरोबर होतं म्हणून निभावलं, कागद नवा करून घेतला. एजंटाचा माणूस त्यातही ‘हँडलिंग’चे १८,००० रोख मागत होता. मी पावती मागितली. ७,००० झाले. लेखी बिल मागितल्यावर तेही राहिले. ज्या दिवशी कागद हातात येतात त्या दिवशी पंधराच्या पंधरा आकडे प्रत्येक पानावर ताडून बघा, आणि धक्क्यावर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. एजंट केलाच पाहिजे असं वाटत असेल तर फक्त मालाच्या बुकिंगपुरता करा. बाकी तुमचं तुम्हाला जमतं.

झोपेची गोळी कुणी सुचवली तरी देऊ नका. विमानात गुंगीतल्या कुत्र्याच्या श्वासावर आणि रक्तदाबावर ताण येतो, कंपन्याही असा कुत्रा नाकारतात. निघण्याआधी हलकं जेवण आणि वाटीत बर्फ, म्हणजे पेटी हलवताना सांडत नाही आणि हळूहळू पाणी होतं. मालखान्यात प्राण्यांच्या जागी हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. मी वर बसून रात्रभर डोळा लावला नाही, पण तो उतरला तेव्हा ठणठणीत होता.

फ्रँकफर्टला चिप वाचली, कागद बघितले, सोडलं. पेटीतून बाहेर येऊन त्यानं जे अंग ताणलं, ते पाहून चार महिन्यांचा शीण गेला. गावी पोचल्यावर पालिकेत नोंद आणि कुत्र्याचा कर. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर जर्मनीत आणताच येत नाहीत, त्यांचे मालक दुसरा देश बघोत. कारवानला हिवाळी अंगरखा लागतो, सांगलीतूनच शिवून आणा.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी याशिवाय पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं (आतड्यातल्या चपट्या जंताचं) औषध डॉक्टरकडून देऊन नोंदवून घ्यायचं, आणि तिथे कुत्रा मालाच्या कागदांवरच जातो. अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदललेत: कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, आणि भारतातून जाताना रक्ताचा अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरण. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही, आधी मान्यताप्राप्त देशात ठेवावं लागतं. त्याचा खर्च ऐकूनच ठरवा.

जर्मनीत पोचल्यावरही रेबीजच्या लसीची पुढची तारीख चुकवू नका. लसीत खंड पडला नाही तर रक्ताचा तो अहवाल कायम चालतो, आणि सुट्टीत कुत्र्याला सांगलीला आणून परत न्यायचं झालं तर ते तीन महिने पुन्हा थांबावं लागत नाही. फक्त निघण्याआधी जर्मनीतल्या डॉक्टरकडून कुत्र्याच्या युरोपीय पासपोर्टमध्ये अहवालाची नोंद करून घ्या.