फेब्रुवारीपुरती पुस्तकं

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी मुलांचा विभाग सांभाळते. ग्रंथालयवाले पुस्तकं जमवतात असं बाहेरच्यांना वाटतं, पण आमचे कितीतरी तास ती काढून टाकण्यात जातात. याला वीडिंग म्हणतात. वर्षात ठरावीक वेळा घरी गेलं नाही की संगणक त्या पुस्तकाला यादीत टाकतो. मग ते ट्रॉलीवर काढायचं, नोंद रद्द करायची आणि विक्रीच्या खोक्यात टाकायचं.

त्या दिवशी चित्रपुस्तकांची यादी होती. ट्रॉली निम्मी भरल्यावर लक्षात आलं की मुखपृष्ठांवर एकामागून एक काळी मुलंच दिसताहेत. धूळ नाही, फाटकं पान नाही. मग एकेकाची नोंद उघडून महिने बघत बसले. फेब्रुवारी. फेब्रुवारी. पुन्हा फेब्रुवारी.

फेब्रुवारी म्हणजे इथला ब्लॅक हिस्टरी मंथ, काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाचा महिना. महिनाभर ही पुस्तकं दारासमोरच्या टेबलावर दिमाखात उभी असतात. मार्च उजाडला की गणपतीची आरास माळ्यावर जावी तशी ती शेल्फात जातात. चित्रपुस्तक जेमतेम बत्तीस पानांचं, त्याचा कणा बोटाएवढाही जाड नसतो. तीन वर्षांचं पोर कणा बघून पुस्तक उचलत नाही, त्याला मुखपृष्ठ दिसावं लागतं. ट्रक आणि राजकन्या मात्र बारा महिने तोंड दाखवून उभ्या. मग आकडे कुणाचे वाढणार?

सहकारी म्हणाली, "लोक नेत नाहीत, त्याला आपण काय करणार?" बाई कामसू आहे, पण रिपोर्ट म्हणजे तिला वेदवाक्य. मी तिला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं उदाहरण दिलं. त्यांनी 2020 साली सव्वाशे वर्षांचा हिशोब जाहीर केला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा, म्हणजे 4,85,583 वेळा, घरी गेलेलं पुस्तक निघालं 'द स्नोई डे'. लाल कोट घालून बर्फात खेळणाऱ्या काळ्या मुलाचं, 1962 सालचं. लोक नेतात की!

अर्थात त्याचे लेखक एझ्रा जॅक कीट्स गोरे होते, आणि ही गोष्टही सोडून देण्यासारखी नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र म्हणूनच 'कुणाविषयी' आणि 'कुणी लिहिलेलं' हे वेगळं मोजतं. 1985 साली त्यांनी पहिल्यांदा मोजलं, तेव्हा अमेरिकेत त्या वर्षी निघालेल्या सुमारे अडीच हजार बालपुस्तकांत काळ्या लेखक-चित्रकारांची होती 18.

दुपारी एक आजी नातवाला घेऊन आल्या. "याच्यासारखा मुलगा असलेलं काहीतरी द्या. पण गुलामगिरी नको, मोर्चे नकोत. झोपताना वाचायचंय." कॅटलॉगमध्ये शोधलं तर पहिल्या पानावर नेमकं तेच, गुलामगिरी आणि मोर्चे. मी ट्रॉलीवरून आजोबांबरोबर मासे धरायला जाणाऱ्या मुलाचं पुस्तक काढून दिलं. नातवाने ते उलटंपालटं केलं, खाली ठेवलं आणि बुलडोझरचं उचललं. आजींनी दोन्ही नेली.

संध्याकाळी आपलेच एक मराठी गृहस्थ आले. मुलगी पहिलीत. मी दात पडण्याची एक धमाल गोष्ट पुढे केली. मुखपृष्ठावर वेण्या घातलेली काळी मुलगी. त्यांनी दोन बोटांनी ते परत सरकवलं. "ताई, हे नको. जरा स्टँडर्ड काहीतरी द्या ना." दिवाळीच्या टेबलावर आपली पुस्तकं कमी दिसली म्हणून तक्रार करणारेही हेच. ती तक्रार रास्त होती, म्हणून तर जास्त चिडचिड झाली. मी काही बोलले नाही. काउंटरवरून पालकांना शिकवायला गेलं की ते परत येत नाहीत, आणि त्यांची मुलंही.

घरी जाण्याआधी प्रमुखांकडे महिन्यांचा तक्ता ठेवला. त्यातली काही पुस्तकं छोट्या प्रकाशकांची, छापणं बंद झालेली. एकदा काढली की पुन्हा विकत मिळणं कठीण, हेही सांगितलं. त्यांनी मला जूनपर्यंत मुदत दिली. "पण जूनमध्ये मी आकडेच बघणार," हेही बजावलं.

आता मासेवालं पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पुस्तकांत उभं आहे, दातवालं दातांच्या पुस्तकांत. पाटी कुठेच नाही. शेल्फ लावणं हे खरं तर पार्टटाइम पोरांचं काम, पण दार उघडायच्या आधी वरचा कप्पा मी स्वतःच लावते. त्यांच्यावर सोडलं की दर्शनी जागी पुन्हा ट्रक येतात.