राफ्ट घरच्या घरी, आठवडा ९ : लीडरने शिळं उत्तर दिलं

राफ्ट म्हणजे अनेक संगणकांनी एकाच डेटावर एकमत ठेवायची पद्धत: बहुमताने एक लीडर निवडायचा, लिहिणं-वाचणं त्याच्यामार्फत. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझे तिन्ही रास्पबेरी पाय (छोटे संगणक) आता एकमताने चालतात. ते शब्द मागे घेतो.

मांडणी तीच. नाशिकला इंदिरानगरात घरी दोन पाय, तिसरा पंचवटीत मामाकडे. (पूर्वी तिन्ही एकाच बोर्डावर होते, लाइट गेली की सगळेच अंधारात. मामी विचारते, तुझा पाय आमच्याकडे किती दिवस राहणार?) निवडणुकीचा टाइमआउट, म्हणजे लीडर गप्प राहिला तर नवी निवडणूक लावण्याआधी थांबायचा वेळ, १ ते २ सेकंद ठेवलाय. राफ्टच्या मूळ पेपरातले १५०-३०० मिलिसेकंद मामाच्या वायफायला झेपत नाहीत, ऊठसूट निवडणुका लागतात.

चाचणीचा डेटा नाशिककराला शोभेल असा: की (नोंदीचं नाव) 'दुतोंड्या', म्हणजे गोदावरीतला दुतोंड्या मारुती, आणि व्हॅल्यू म्हणजे पुराचं पाणी त्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते. 'कंबर' लिहिलं, तिघांकडे पोचलं. मग लीडर असलेल्या पाय-२ची नेटवर्क केबल उपटली. उरलेल्या दोघांनी नवा लीडर निवडला, टर्म (कारकिर्दीचा क्रमांक) ७ची ८ झाली. तिथे 'छाती' लिहिलं, दोघांची पोच आली, कमिट, म्हणजे नोंद पक्की. झकास.

पाय-२ला कीबोर्ड जोडलेलाच होता. सहज विचारलं, दुतोंड्या? उत्तर तत्काळ: 'कंबर'. गादी गेल्याचा बिचाऱ्याला पत्ताच नाही! लिहायला सांगितलं असतं तर बहुमताअभावी अडला असता. पण वाचन मी थेट मेमरीतून देत होतो, कुणालाही न विचारता. दोन दिवस निवडणुकीच्या कोडमध्ये चूक शोधली, ती तिथे नव्हतीच.

उपायाचा गाभा राफ्टचे जनक ओंगारो आणि औस्टरहाउट यांच्या २०१४च्या पेपराच्या विस्तारित आवृत्तीतच आहे, मीच तो भाग चाळून सोडला होता. वाचन आलं की लीडरने आपला कमिट इंडेक्स (लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कुठवर कमिट झालंय तो क्रमांक) टिपायचा, हार्टबीटची, म्हणजे 'मी आहे' या निरोपाची, एक फेरी मारायची. बहुमताने 'हो, अजून तूच' म्हटलं आणि टिपलेल्या इंडेक्सपर्यंतचा लॉग लागू झाला, की मगच उत्तर. वाचन लॉगमध्ये जात नाही, म्हणजे एसडी कार्डावर एफसिंकही (डेटा कार्डावर पक्का उतरेपर्यंत थांबणं) नाही. साचलेली सगळी वाचनं एकाच फेरीत उरकतात.

यात एक मेख आहे. नव्या लीडरकडे कमिट झालेल्या सगळ्या नोंदी असतात, पण कुठवर कमिट झालंय हे त्याला सुरुवातीला ठाऊक नसतं. त्यामुळे आधी स्वतःच्या टर्मची एक रिकामी नोंद कमिट करायची, मग वाचनं घ्यायची. ही ओळ राहिली आणि नव्या लीडरकडूनही एकदा 'कंबर'च आलं.

लीज घेऊन, म्हणजे ठरावीक वेळ लीडरपद नक्की धरून, फेरी वाचवता येते, पण मग घड्याळांच्या गतीवर विसंबावं लागतं. मला नको ते. फेरीचा वेळ परवडला.

आता केबल काढून पाय-२ला विचारलं की कर्सर नुसता लुकलुकतो. आई म्हणाली, "हँग झालं का रे?"

पुढच्या आठवड्यात: बहुमत तुटलं की लीडरने आपणहून पायउतार होणं. आणि मामाकडच्या पायला एसएसडी.