मुठेचं पाणी, नॅनोग्रॅम आणि घाईत उघडलेली बाटली

मुठेच्या पाण्यात इस्ट्रोजेन हार्मोन्स किती आहेत हे मोजायचं, तर आधी आकडा किती बारीक आहे ते बघा. माला-डी या गर्भनिरोधकाच्या एका गोळीत इथिनिलइस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं ३० मायक्रोग्रॅम. ते दहा हजार लिटरच्या तीन टँकरांत मिसळलं की लिटरला १ नॅनोग्रॅम भरतं. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निगराणी यादीत (पाण्यातल्या ज्या रसायनांवर नजर ठेवायची त्यांच्या) मात्र याच रसायनासाठी लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅमपर्यंत पोचण्याची अट होती. म्हणजे तीच गोळी सुमारे ८६ टँकरांत शोधायची! त्यासाठी एलसी-एमएसएमएस, म्हणजे रेणू सुटे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं मशीन, लागतंच, पण आकडा बहुतेक वेळा बिघडतो तो मशीनच्या आधी.

संगमाजवळचा नमुना अंबर काचेच्या, मिथेनॉलनं विसळलेल्या बाटलीत घ्या. प्लॅस्टिकला ही हार्मोन्स चिकटतात. सांडपाण्यातले जिवाणू इस्ट्राडिओल या नैसर्गिक इस्ट्रोजेनचं इस्ट्रोन हे दुसरं इस्ट्रोजेन करतात, शिवाय लघवीतून आलेली ग्लुकुरोनाइडं (साखरेच्या आम्लाला जोडलेली हार्मोन्स) तोडून नवं इस्ट्राडिओल मोकळंही करतात. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली आता नदीबद्दल काहीच सांगत नाही. तेव्हा लगेच बर्फ, पीएच ३ च्या आसपास, आणि शक्यतो २४ तासांत एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पाण्यातून हार्मोन्स वेगळी काढणं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायला आधी सोडियम थायोसल्फेट.

०.७ मायक्रॉनच्या ग्लास फायबर फिल्टरनं गाळा. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असताना हा फिल्टर तुंबतो, म्हणून वर एक जाड फिल्टर ठेवा. कार्बन-१३ लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मोजून घातलेलं, थोडं जड केलेलं तेच हार्मोन) हार्मोन्स धरून ठेवणाऱ्या कार्ट्रिजच्या आधी, पाण्यातच घाला. शेवटी मशीनला लावायच्या व्हायलमध्ये घातलं तर वाटेतली गळती झाकली जाते आणि रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती परत मिळालं) उगाच छान दिसते.

एचएलबी कार्ट्रिज, २०० मिलिग्रॅम: ५ मिली मिथेनॉल, ५ मिली पाणी, मग नमुना मिनिटाला ५ मिलीनं. लिटरला तीन तास वीस मिनिटं लागतात. व्हॅक्यूम वाढवून घाई केलीत तर हार्मोन कार्ट्रिज ओलांडून खाली जातं. ५ टक्के मिथेनॉलनं धुवा, अर्धा तास सुकवा, ८ मिली मिथेनॉलनं काढा, ४० अंशांवर नायट्रोजनखाली आटवा.

आता डान्सिल क्लोराइड. हे हार्मोनला जोडलं की मशीनमधला सिग्नल वाढतो. पीएच १०.५ चा बायकार्बोनेट बफर १०० मायक्रोलिटर, ॲसिटोनमधलं १ मिलिग्रॅम प्रति मिली द्रावण तेवढंच, ६० अंशांवर ५ मिनिटं. जुलैत फ्रीजमधून काढलेली थंड बाटली तशीच उघडली की आत दव धरतं आणि पावडर डान्सिल आम्ल होऊन बसते. सिग्नल निम्म्यावर येतो आणि शिव्या मशीनला! बाटली डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, द्रावण रोज नवं करा.

मशीन डान्सिल जोडलेल्या हार्मोनचा आयन वस्तुमानावरून निवडतं, तो फोडतं आणि तुकडा मोजतं: इस्ट्रोन ५०४ वरून १७१, इस्ट्राडिओल ५०६ वरून १७१, इथिनिलइस्ट्राडिओल ५३० वरून १७१. खाच इथेच आहे. इस्ट्रोनचे दोन एककांनी जड आयसोटोप थेट ५०६ च्या चॅनेलमध्ये उतरतात, आणि नदीत बहुधा इस्ट्रोनच जास्त. रेणू सुटे करणाऱ्या कॉलमवर दोन्ही शिखरं पूर्ण सुटी झाली नाहीत तर इस्ट्राडिओल फुगतं. शिवाय १७१ हा तुकडा डान्सिलचाच, हार्मोनचा नव्हे. त्यामुळे रिटेन्शन टाइमवर, म्हणजे रेणू कॉलममधून किती वेळानं बाहेर येतो त्यावर, नजर हवीच.

मुठेवर फेस दिसला की आयनायझेशन (मशीनमध्ये रेणूंवर विद्युतभार चढणं) दबणार, हे धरूनच चाला. इंटर्नल स्टँडर्डचं क्षेत्रफळ शुद्ध पाण्यातल्याच्या निम्म्याखाली गेलं तर फ्लोरिसिल या शोषक पावडरीवरून अर्क स्वच्छ करा. एलायझा ही अँटिबॉडीवर चालणारी चाचणी प्राथमिक चाळणीला ठीक, पण कुजलेल्या पालापाचोळ्यातली ह्युमिक द्रव्यं तिलाही फसवतात.

ब्लँक, म्हणजे हार्मोन नसलेला तपासणीचा नमुना, हे नुसतं सॉल्व्हंट नव्हे. एक लिटर शुद्ध पाणी, तीच बाटली, तोच फिल्टर, तेच कार्ट्रिज. आणि इस्ट्रोजेनचं मलम वापरणाऱ्या व्यक्तीनं त्या दिवशी नमुन्यांना हात लावू नये, हातमोजे असले तरी.